धुरांड्यावरची गुलाबाची ताटली

मकबुलेला सगळा गाव ‘खिडकीवाली’ म्हणायचा. बर्फ गुडघ्यापर्यंत साचलेला असो, नळातलं पाणी गोठलेलं असो, हिच्या झोपायच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडीच. नवरा इहसान हयात होता तेव्हा चहाच्या टपरीवर लोक त्याला विचारायचे, “काय रे, काल रात्री वहिनीबरोबर निजलास की लांडग्यांबरोबर?” तो बिचारा हसायचा आणि कानटोपी आणखी खाली ओढायचा.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच चेष्टेत विष नव्हतं. मकबुले लहान असताना एका थंडीत आजीकडे वस्तीला गेली होती. सकाळी परतली तर दार आतून बंद, शेगडी विझून गार, आणि आई, बाप, धाकटी फेहिमे गोधडीखाली जशीच्या तशी. गाल लालबुंद. खेळून दमून झोपावीत तशी. आदल्या रात्री लोदोस सुटला होता. लोदोस म्हणजे दक्षिणेचा ऊबदार वारा. डोंगरावरून खाली कोसळतो आणि घराघरातल्या धुरांड्यांत तोंड घालून धूर परत आत ढकलतो. धूर निदान दिसतो तरी. त्याच्यामागून येणारा विखार दिसतही नाही, नाकाला कळतही नाही.

तेव्हापासून शेगडी हे मकबुलेचं दैवत होतं आणि वैरीही. पानगळ सुरू झाली की ती पत्र्याची नळकांडी अंगणात काढून काठीनं बडवायची, काजळी झाडायची. शेगडीखाली पत्रा. भिंतीपासून हातभर अंतर. नळकांडी शेगडीकडून धुरांड्याकडे चढती गेली पाहिजेत, आणि शेवटचं तोंड धुरांड्यात फार आत घुसता कामा नये, नाहीतर पलीकडच्या भिंतीला टेकून धुराची वाटच बंद व्हायची. सगळं बसलं की शेगडीच्या तोंडाशी कागद पेटवून धरायची. ज्योत आत ओढली गेली तर ठीक. नाही ओढली तर त्या दिवशी घर गारठलं तरी चालेल. लाकूड ओकचं, दोन उन्हाळे खाल्लेलं. ओलं लाकूड कुणी आणून दिलं तर ती ते दारातूनच परत धाडायची.

घर दुमजली. वर मकबुले, तिचा मुलगा यालचन आणि सून सेहेर. खाली धाकटा दीर रासिम. धुरांडं दोघांत एकच, खालून थेट छपरापर्यंत गेलेलं. वरच्या मजल्यावर ते दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत होतं. बैठकीच्या बाजूला मकबुलेची शेगडी, पलीकडे झोपायच्या खोलीत जुनं रिकामं भोक. सासूच्या काळी तिथंही शेगडी होती. नवी नवरी म्हणून आलेल्या मकबुलेनं पहिल्याच वर्षी हट्टानं ती काढायला लावली. निजायच्या खोलीत विस्तव नको म्हणजे नको. भोकावर बाजारातून आणलेली पत्र्याची गोल ताटली बसवली. तिच्यावर लाल गुलाब रंगवलेला. भोवती स्वतः विणलेली पांढरी झालर. त्या ताटलीखाली ती आणि इहसान अख्खा संसार निजले. उघड्या खिडकीशी.

मग घरात सेहेर आली आणि तिला दिवस गेले.

सेहेर सखल भागातली, समुद्राकडची पोर. इथली थंडी तिच्या हाडात शिरली. मकबुलेनं आपली खोली मुला-सुनेला दिली होती, ती विस्तव नसलेली, सुरक्षित खोली. पण उघडी खिडकी सुनेला सोसेना. रात्रभर खोकायची. यालचन एके दिवशी शहरातून येताना जाड लोकरी नमद्याच्या पट्ट्या घेऊन आला आणि खिडकीच्या फटींवर ठोकू लागला. मकबुले दारात उभी राहून बघत होती.

“आई, तुझं मन नसेल तर काढतो,” तो म्हणाला.

तिनं सुनेच्या पोटाकडे पाहिलं. या खोलीत शेगडी नाही, मग भीती कसली, असं तिनं स्वतःलाच समजावलं. पट्ट्या ओढून ताणून तिनंच धरल्या.

त्याच पानगळीत रासिमनं खाली नवी, दांडगी शेगडी आणली. लाकूडही खाते, कोळसाही खाते, म्हणून कौतुक सांगत सुटला. मकबुले बघायला गेली तेव्हा त्यानं शेवटचं नळकांडं हाताच्या तळव्यानं धाडधाड ठोकून धुरांड्यात पार आत घातलं होतं. तिनं टोकलं. रासिम बायकोकडे बघून डोळे मिचकावत म्हणाला, “वहिनी, तुम्ही वर वारा खा, आम्ही खाली ऊब खातो. आपापल्या मजल्यावर सुखी राहू.”

ती वर निघून आली. आपल्या मजल्यापुरतं आपण चोख, एवढं समाधान तिला पुरलं.

सेहेरचं डोकं दुखायला लागलं ते त्यानंतर. सकाळी उठली की डोकं दगडासारखं, पोटात ढवळायचं. अंगणात कोंबड्यांना दाणे टाकून आली की बरं वाटायचं. बायका म्हणाल्या, मुलगी असणार, मुली आईला छळतात. कुणी म्हणालं, दृष्ट. मग दृष्ट काढायला शेजारच्या मुनिरेनं येऊन सेहेरच्या डोक्यावर चादर धरली आणि वितळलेलं शिसं पाण्यात ओतलं. चर्र झालं. शिशाचा जो गोळा थिजला त्याला डोळ्यासारखं भोक पडलेलं होतं. बघा, डोळाच आहे, मुनिरे म्हणाली. मकबुलेलाही ते पटलं. ते शिसं तिच्याच शेगडीवर वितळवलं होतं, आणि ती शेगडीकडेच पाठ करून बसली होती.

थंडीच्या ऐन मध्यावर लोदोस सुटला. सकाळीच बर्फ घामाघूम झाला, पागोळ्या गळायला लागल्या, कुत्री उगाच भुंकत फिरू लागली. मशिदीच्या भोंग्यावरून सूचना झाली की वारा आहे, कुणी शेगडी पेटवू नये. मकबुलेनं निखारे लोखंडी बादलीत काढून अंगणात नेले, राख झाडली, बैठकीची खिडकी सताड उघडली. यालचन शहरात कामावर होता. जेवणानंतर सेहेर म्हणाली, डोकं फार जड झालंय, जरा आडवी होते. मकबुलेनं तिच्यावर गोधडी घातली. लोदोसच्या झोतानं पोटुशीला बाधू नये म्हणून नमद्याच्या पट्ट्या बोटानं चाचपून पाहिल्या आणि दार घट्ट लावून घेतलं.

बैठकीत ती शाल पांघरून डाळ निवडत बसली. छपरावरची कौलं कुणी चालल्यासारखी वाजत होती. खालून रासिमच्या हसण्याचा आवाज आला, भांड्यांचा आला, मग शेगडीचं झाकण आपटल्याचा.

मकबुलेचा हात डाळीतच थांबला. रासिमनं शेगडी पेटवली होती.

पेटवू दे, तिला वाटलं, मरेल एखाद दिवस. मुकाट आणखी चार दाणे निवडले. मग सेहेरला उठवावं, चहा द्यावा म्हणून ती उठली आणि तिनं दार उघडलं.

खोली कोमट होती.

विस्तव नसलेली, वर्षानुवर्षं गार पडलेली ती खोली कोमट होती. मकबुलेनं भिंतीकडे पाहिलं. गुलाबाच्या ताटलीची पांढरी झालर एका बाजूनं राखाडी झाली होती. तिनं ताटलीवर तळवा ठेवला. पत्रा गरम होता, आजारी लेकराच्या कपाळासारखा.

सेहेरचे गाल लालबुंद होते. सुंदर दिसत होती.

मकबुलेनं खिडकीला हात घातला, पट्ट्या निघेनात. तिनं कोपरानं काच फोडली. सुनेला काखेत धरून ओढत बाहेरच्या सज्जात आणलं आणि तिथून खाली हाक मारली. ओरडली नाही. ज्या आवाजात तिनं “रासिम, विस्तव बाहेर टाक आणि वर ये” म्हटलं, तो ऐकून रासिम अनवाणी जिना चढला. सेहेरला पाठीवर घेऊन तोच सडकेपर्यंत धावला. गाडी मिळेपर्यंत सेहेर एकदा ओकली. ओकली म्हणजे जिवंत आहे, मकबुले पुटपुटत राहिली.

शहरातल्या दवाखान्यात नाकातोंडाला प्राणवायू लावला. संध्याकाळपर्यंत सेहेर शुद्धीवर आली. डॉक्टरीण तरुण होती, थकलेली होती, खोटं बोलली नाही. आई वाचली, म्हणाली. बाळाचे ठोके आहेत. पण त्याला आत प्राणवायू किती कमी मिळाला, आणि किती दिवस, ते आज कुणी सांगू शकत नाही. जन्मल्यावर दिसेल.

“किती दिवस म्हणजे?” यालचननं विचारलं.

डॉक्टरणीनं उलट विचारलं, डोकं कधीपासून दुखतंय?

मकबुले भिंतीला टेकून खाली बसली.

घरी परतल्यावर तिनं ताटली काढली. मागून ती काळी कुळकुळीत होती. रासिम विटा आणि कालवलेल्या गिलाव्याची बादली घेऊन वर आला, मान खाली घालून. भोक बुजवायला वाकला. मकबुलेनं त्याला ताटलीचा मागचा भाग दाखवला.

“वहिनी, मला काय माहीत, वरचं भोक बुजवलेलं नाही म्हणून...”

“तुला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “मला होतं. वर गुलाब लावलेला मीच.”

तो वीट बसवू लागला. त्यानं आपली शेगडी आदल्या दिवशीच अंगणात काढून ठेवली होती.

आता सगळे एकाच खोलीत निजतात. खिडकी उघडी असते. ती मकबुले उघडत नाही, सेहेर उघडते, चार बोटं नाही, पूर्ण. काल परत लोदोस सुटला. कौलं वाजू लागली. अंधारात सेहेरनं सासूचा हात शोधून आपल्या पोटावर ठेवला.

“आई, सकाळपासून हललं नाही.”

मकबुले श्वास रोखून बसली. बऱ्याच वेळानं तळव्याखाली काहीतरी सरकलं, किंवा तिच्याच हाताची शीर उडाली. तिनं हात काढला नाही.