खात्रीचा माणूस

माझ्या ताईने उभा जन्म लाँड्रीत इस्त्री केली. टेबल भिंतीला लावलेलं, त्यामुळे तोंड कायम भिंतीकडे. "मी माणसांपेक्षा भिंतच जास्त पाहिलीय गं," असं हसत म्हणायची. मग ती आजारी पडली. डॉक्टरांनी हात टेकले, आम्ही तिला घरी आणलं, आणि खाट पुन्हा भिंतीसमोरच! तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीतरी मागितलं. "इथे झाडांचा वॉलपेपर लावाल का? हिरवागार."

कागद मी त्याच दिवशी आणला. लावणाराही आणला. गडी खळीची बादली घेऊनच आला. भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "ओल आहे. संध्याकाळपर्यंत लावून देतो, पण सहा महिन्यांत सुटेल. मग माझ्या नावाने बोंबलू नका."

"लावू द्या की," ताई म्हणाली. "मला कुठे सहा महिने बघायचंय?"

झालं! भाऊजींचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, डोकंच फिरलं. "अभद्र बोलू नकोस! चांगली वर्षानुवर्षं बघणार आहेस तू. मला काम खात्रीचं हवं." त्या गड्याला हाकलूनच दिलं. मी भांड भांड भांडले, पण ऐकतील तर ते भाऊजी कसले!

मग खात्रीच्या माणसाचा शोध. याला विचार, त्याला विचार. एक फोन उचलेना, दुसरा उद्या येतो म्हणून जो गेला तो गेलाच. शेवटी एक नावाजलेला मिळाला. त्याने जुना रंग खरवडून काढला, पोपडे पाडले आणि म्हणाला, "सुकल्याशिवाय मी कागदाला हात लावत नाही. खिडकी उघडी ठेवा. एक तारखेला येतो."

खिडकी उघडी. ताई पांघरुणावर पांघरुणं घेऊन कुडकुडत त्या खरवडलेल्या भिंतीकडे बघत पडायची. "सुकली का गं?" रोज विचारायची. मी हात लावून सांगायचे, "येतेय सुकत." भिंत सुकायच्या आत ताई गेली.

एक तारखेला, अगदी सांगितल्या वेळेला, बेल वाजली. खाट हलवली होती. भाऊजी रिकाम्या जागेत खुर्ची टाकून बसले होते. "लावा," एवढंच म्हणाले.

काम चोख आहे, नावं ठेवायला जागा नाही मेल्याला. इतकी वर्षं झाली, एक कोपरा सुटलेला नाही. पाहुणे विचारतात, "कोणाकडून करून घेतलं हो?" भाऊजी नंबर देतात. "अगदी खात्रीचा माणूस," म्हणतात. मी चहाचे कप उचलते आणि आत जाते. तिथे थांबले तर तोंडातून काय निघेल, याचा नेम नाही.