भांगलणीत भरलेले फॉर्म

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वीस वर्षं एका टेबलावर चहा पिणाऱ्या मित्रालाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीट कळत नाही. सांगून काही निस्तरणार नाही, एवढं मात्र कळतं.

मी सांगलीत एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. पण माझी खरी हौस वेगळी — संगणकात गाव वसवायचं. खोटी घरं, खोटी माणसं, खोट्या भावक्या. प्रत्येकाला एकेक आकडा द्यायचा — हा किती हट्टी, ती किती ऐकणारी — आणि मग त्यांना मतदान करू द्यायचं. याला सिम्युलेशन म्हणतात. हे करणाऱ्यांची चर्चासत्रं भरतात. गळ्यात बिल्ले अडकवून आम्ही एकमेकांची गावं बघतो, माना डोलावतो, जेवतो आणि घरी जातो. हसू नका. त्या डोलणाऱ्या मानांसाठी माणूस कुठवर जातो, तेच तर सांगायचंय.

माझ्या गावात सगळ्यात महत्त्वाचा आकडा बायकांचा होता. घरातला कर्ता सांगेल तिथंच बाई मत देते, असं मी धरलं होतं. धरलं होतं म्हणजे — मला लहानपणापासून तसं वाटत आलं होतं, दुसरं काय? त्याला पुरावा हवा, म्हणून वैजयंता गावोगाव फिरून फॉर्म भरून आणायची. ती माझ्या हाताखाली पीएच.डी. करत होती, कोरेगावजवळच्या एका निवृत्त सुभेदारांची मुलगी. फॉर्म भरले जायचे घराच्या पुढच्या सोप्यात. सासरा खाटेवर, नवरा उंबऱ्यात, बाई दाराआड. सगळ्यांची उत्तरं एकासारखी एक. मी खूश होतो.

वैजयंता खूश नव्हती. तिनं त्याच बायकांना पुन्हा गाठलं, घेवड्याच्या भांगलणीला. खुरपं घेऊन त्यांच्या ओळीत बसायची, तण काढता काढता विचारायची आणि बांधावर येऊन लिहायची. फॉर्मवर नाव घालणार नाही, असा तिनं बायकांना शब्द दिला होता. उत्तरं पार उलटी आली. मला पटेना, तेव्हा ती मलाच शेतावर घेऊन गेली. मी बांधावर उभा. एक म्हातारी, खुरप्यावरची नजर न काढता, म्हणाली,

“मालकांपुढं मान हलवायची, आन् आत गेलं की आपल्याला पायजे ते बटन दाबायचं. ह्यात इचारायचं काय हाय?”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. एवढं लक्षात ठेवा — कारण मी ते न ऐकल्याचं सोंग घेतलं.

चर्चासत्र आमच्याच कॉलेजात होतं. पुस्तिका छापून आली होती, पहिला निबंध माझा. आकडा बदला, असं वैजयंता म्हणत होती. मी ‘नंतर बघू’ म्हणत होतो. पुण्याहून आलेल्या अध्यक्षांनी सहज विचारलं, बायकांचा आकडा कुठून आणला? मी तोंड उघडायच्या आत वैजयंता उठली. फॉर्मचे दोन गठ्ठे आहेत, सरांनी दुसरा धरलेला नाही, असं तिनं शांतपणे सांगितलं. अध्यक्ष माझ्याकडे वळले.

किती वेळ असेल तो? घोटभर पाणी पिण्याइतका. मी पाणी प्यायलोही. मग म्हणालो, दुसऱ्या गठ्ठ्यावर ना नाव, ना सही. तो कुणी कुठं बसून भरला, मला ठाऊक नाही. घाईत या मुलीनं मनानंच भरला असावा, अशी मला शंका आहे. शंका — केवढा सभ्य शब्द!

नावं का नाहीत, हे मला माहीत होतं. ती नावं सांगून स्वतःला वाचवणार नाही, हेही माहीत होतं. त्या भरवशावरच तर बोललो.

ती खाली बसली. जेवायला थांबली नाही. पुढं चौकशी झाली, समितीपुढं मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि तिचं रजिस्ट्रेशन रद्द झालं.

इथं थांबलो असतो, तर तुम्ही म्हणाला असता — घाबरला बिचारा. भित्र्या माणसाला लोक सांभाळून घेतात. म्हणून पुढचंही सांगतो.

दोनेक महिन्यांनी सुभेदार कॉलेजात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बगलेत फडक्यात बांधलेला तो दुसरा गठ्ठा. पोरगी बंबात घालत होती, त्यांनी हातातून काढून घेतला होता. कॉलेजचा कागद कॉलेजला परत, असं म्हणून टेबलावर ठेवला आणि उभ्यानंच विचारलं,

“सर, पोरगी घरात बोलंना झालीय. तुमी गुरू हाय तिचं. खरं सांगा, तिनं मनानं लिवलं व्हतं?”

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. अध्यक्ष नव्हते, समिती नव्हती. तिथं खरं बोलायला माझं काय जाणार होतं? मी हो म्हणालो.

“मग आमालाच माफ करा. फौजेत खोटा रिपोर्ट देणाऱ्याला तोंड दाखवाय जागा ऱ्हात न्हाई.”

त्यांनी हात जोडले. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस. मी त्यांना बसवलं, चहा मागवला. असू द्या, लहान वय आहे, असंही म्हणालो. म्हणजे — माफ केलं मी. हे आठवलं की मला माझी किळस येते, आणि ती किळसही काही कामाची नाही.

गठ्ठा मी ठेवून घेतला. पुढं ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या, आणि निकाल लागले ते भांगलणीतल्या उत्तरांप्रमाणे. मग मी माझं गाव पुन्हा वसवलं — त्याच गठ्ठ्यावरून. यंदा साताऱ्याच्या चर्चासत्रात ते मांडलं. बाई घरात एक सांगते आणि मत दुसरीकडं देते, हे सरांनी नेमकं पकडलं, असं तिथले अध्यक्ष म्हणाले. टाळ्या झाल्या. मी मान लववून त्या घेतल्या.

निबंधाच्या शेवटी आभारांचं पान असतं. त्यात मी बायकोचं नाव लिहिलं, कॉलेजच्या संगणक लॅबमधल्या शिपायाचं लिहिलं. वैजयंताचं लिहिलं नाही. जागा होती.