एकवीस मोदक आणि बहराम काकांचे ब्रश

नवस बोलण्यात आमच्या ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये माझा हात धरणारं कुणी नाही! मुलीच्या ड्रायव्हिंग टेस्टसाठी, ह्यांच्या गुडघ्यासाठी, समोरच्यांच्या हरवलेल्या कुत्र्यासाठीसुद्धा बोललेय. पण एक नवस बोलले होते शेजारच्या बहराम काकांसाठी. "बाप्पा, यांच्या हातात पुन्हा ब्रश येऊ दे, एकवीस मोदक करीन."

काका मूळचे तेहरानचे, मोठे मॉडर्न चित्रकार, वय ऐंशी. आजूबाजूच्या मुलांचं ऐकून तेही मला 'काकू'च म्हणतात! त्यांचे किस्से माझ्या फ्रीजरमधल्या डब्यांसारखे आहेत. एक ओढला की चार अंगावर येतात.

*

तरुणपणी काका नुसते घोडे काढायचे. अमेरिकेत आले आणि घोडे गेले.

"का हो काका?"

"काकू, एका खोलीचं अपार्टमेंट. घोडा मावणार कुठे? आधी शेपूट सोडली, मग डोकं. शेवटी उरले पाय. क्रिटिक म्हणाले, मॉडर्न!"

*

मग आला अक्षरांचा काळ. कॅनव्हासभर फारसी वळणाची अक्षरं. धर्मग्रंथातलं असेल म्हणून मी आधी हात जोडले, मग विचारलं, "काय लिहिलंय?"

"काही नाही. खूप काही सांगतोय असं नुसतं वाटतं."

हे लगेच म्हणाले, "म्हणजे आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण!"

काका इतके हसले, की ते चित्र आम्हालाच देऊन टाकलं. हॉलमध्ये लावलंय. अध्यक्ष येतात तेव्हा त्याचं फार कौतुक करतात.

*

पुढे सगळं पांढरं. एका उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात पांढरं, लांबरुंद टेबल दिसलं. मी म्हटलं, ऊन कशाला वाया घालवा! प्लास्टिक अंथरलं आणि साबुदाण्याच्या पापड्या घातल्या.

ते टेबल नव्हतं. ओला कॅनव्हास होता!

प्लास्टिक काढलं तर रंगात गोल गोल ठसे. मला रडूच फुटलं. काका दहा मिनिटं बघत उभे. मग म्हणाले, "काकू, चित्राला हात लावायचा नाही. पुन्हा कधीच नाही." पुढची तीन वर्षं त्यांनी नुसती वर्तुळं काढली!

*

एकदा चहा घेताना काका ह्यांना सांगत होते, "प्रदर्शनात चित्र विकलं गेलं की शेजारच्या कार्डावर लाल ठिपका लावतात. माझ्या सगळ्यात गाजलेल्या शोमध्ये तीन ठिपके होते. एक डेंटिस्टचा, दोन मेव्हणीचे."

हे मला फार नंतर कळलं; मी तेव्हा आत करंज्या तळत होते. आणि ह्यांना घरी काही सांगायची सवयच नाही!

*

मग झालं मोतीबिंदूचं ऑपरेशन. पट्टी निघाली आणि काका स्टुडिओत ओरडले, "हा निळा? चाळीस वर्षं निळा समजून मी हे काय लावत होतो!"

त्याच आठवड्यात चित्रं बंद, आणि सगळे ब्रश घरासमोरच्या गराज सेलमध्ये, जुन्या सामानाबरोबर विकायला. मी मुलीला पाठवून गुपचूप विकत घेतले, देवघराखालच्या कप्प्यात ठेवले आणि नवस बोलले. खोटं कशाला सांगू, त्यातल्या एका ब्रशनं पुरणपोळीला तूप लावलं.

*

ह्यूस्टनच्या एका गॅलरीत काकांचा निरोपाचा शो ठरला. "हे बघा आणि मला विसरा," म्हणाले.

त्या दिवशी मी लवकर गेले. आपल्याकडे नवा फ्रीज आला तरी आधी कुंकू लागतं, मग इथे नको? पण चित्राला हात लावायचा नाही, हे पक्कं लक्षात होतं. म्हणून शेजारच्या कार्डांना लावलं. बावीस चित्रं, बावीस बोटं.

दार उघडलं. लोक पहिल्या कार्डापाशी थांबले. मग दुसऱ्या. कुजबुज सुरू झाली.

"सगळी गेली? अहो, दार आत्ता उघडलंय!"

"नवीन काढणार असतील तर आमचं नाव लिहून घ्या!"

गॅलरीवाली पुसायला धावली, तर कुंकू आणखीच पसरलं. "एकही विकलेलं नाही!" ती ओरडून सांगत होती, पण नावं देणाऱ्यांची रांग हलेना. काकांनी एका कार्डावर बोट टेकवलं, लाल बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काका.

"नऊ जणांना शब्द देऊन बसलोय. माझे ब्रश तुझ्याकडे आहेत, मला माहीत आहे."

मी दिले. काकांनी एक नाकाशी नेला.

"काकू, हा तुपकट का?"

एकवीसपैकी अकरा मोदक काकांनीच खाल्ले. तुम्हीपण कुणासाठी तरी एक नवस बोलून बघा. आणि निघताना कुंकवाची डबी पर्समध्ये टाका!