ताईंचा डावा हात

वर्षभरात आमच्या वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांनी चार वेळा हात उचलला. त्यात दोनदा मार ताईंनी खाल्ला. ताई म्हणजे आमच्या मोठ्या सिस्टर, बावीस वर्षं नोकरी झालेल्या. आम्ही दारावर गार्ड मागितला. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी काय द्यावं? कुंग फूचा क्लास! दर मंगळवारी, ड्यूटी संपल्यावर. म्हणजे मारही आम्हीच खायचा आणि अडवायचाही आम्हीच.

मास्तर तसा भला माणूस. पहिल्या दिवशी त्याने एकच गोष्ट शिकवली. समोरून ठोसा आला की हात कोपरात वाकवून वर न्यायचा, मनगट फिरवायचं आणि ठोसा बाजूला सारायचा. त्याच वेळी दुसरी मूठ कमरेशी ओढायची, म्हणजे जोर येतो. आम्ही खिदळत का होईना, जमवलं. ताईंना जमेना. उजवा हात झकास, पण डावा कमरेशी यायचं नाव घेईना. खाली, पुढे, बोटं अर्धवट मिटलेली.

"ताई, त्या हाताने काय धरून ठेवलंय?" मास्तर वैतागला.

"पेशंटचं मनगट," ताई म्हणाल्या. "सलाईन लावताना ते सोडलं की सुई हलते. सवयच नाही हो सोडायची."

आम्ही फिदीफिदी हसलो. आता स्वतःचीच लाज वाटते.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, ताई एका पाच वर्षांच्या मुलीला सलाईन लावत होत्या. दोनदा शीर चुकली होती, तिसऱ्यांदा सुई नुकतीच आत गेली होती, पोरगी किंचाळत होती. तिचा काका दात-ओठ खात आला. "अजून किती भोकं पाडणार?" म्हणत त्याने ठोसा हाणला. ताईंचा उजवा हात वर गेला, मनगट फिरलं, आणि ठोसा पलंगाच्या दांडीवर आदळला. डाव्या हाताने मुलीचं मनगट सोडलं नव्हतं. सुई केसभरही हलली नाही.

काकाचा हात सुजला. आणि साहेबांनी बोलावलं कोणाला, तर ताईंना! मी सोबत गेले.

"नातेवाइकाला इजा झालीय. माफी लिहून द्या, नाहीतर उद्यापासून घरी बसा."

"साहेब, हे तुम्हीच शिकवायला लावलंत."

"अहो, ते तुमचा आत्मविश्वास वाढावा म्हणून. वापरायला नव्हे!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईंच्या घरी अंथरुणाला खिळलेला नवरा, कमावणाऱ्या त्या एकट्या. हे साहेबांना पक्कं माहीत होतं, म्हणून तर एवढा आवाज.

ताईंनी कागद मागितला आणि उभ्या उभ्या लिहिलं, "मुलीच्या काकांना लागलं याचं वाईट वाटतं. पुन्हा कोणी मारायला आलं तर पुन्हा अडवेन."

"ही माफी आहे?" साहेब कडाडले.

मी कागद ओढला आणि ताईंच्या सहीखाली माझी सही ठोकली. संध्याकाळपर्यंत त्यावर एकोणीस सह्या झाल्या. शेवटची त्या मुलीच्या आईची होती.