दांडा काढलेली कुऱ्हाड

नोकरी वनखात्यात आणि शौक कुऱ्हाडी घडवण्याचा, यावरून आलापल्लीच्या डेपोत माझी भरपूर टिंगल व्हायची. दिवसभर सागाच्या लठ्ठ्यांवर नंबर ठोकून घ्यायचे आणि संध्याकाळी घरामागच्या टिनाच्या छपरीत बसून लोखंड ठोकायचं. झाडं वाचवायचा पगार घेता आणि तोडायची हत्यारं बनवता, असं साहेब एकदा म्हणाले. मी म्हटलं, साहेब, माझ्या कुऱ्हाडीने अजून फांदीसुद्धा पडलेली नाही. ते खरंच होतं. माझ्या सगळ्या कुऱ्हाडी आणि सुऱ्या बैठकीच्या भिंतीवर टांगलेल्या असायच्या.

हे खूळ डोक्यात शिरलं नागपूरच्या फुटपाथवर घेतलेल्या एका जुन्या इंग्रजी मासिकामुळे. त्यात अमेरिकेतल्या आदिवासींच्या टोमॅहॉक नावाच्या लहान कुऱ्हाडीचे फोटो होते. तिच्या दांड्याला पाचर लागत नाही. दांडा वरून घालायचा, त्याचं वरचं टोक जाड, म्हणून पातं निसटत नाही. आणि काढायचं म्हटलं तर दांडा जमिनीवर उभा आपटला की पातं खाली सरकून हातात येतं. आमच्या बाजाराला येणारे माडिया आदिवासी खांद्याला जी कुऱ्हाड अडकवतात, ती मला थेट तशीच दिसली. मग काय, ट्रकच्या ब्रेकचा जुना ड्रम आणून त्याची भट्टी केली, हाताने फिरवायचा पंखा बसवला, ऐरण म्हणून रुळाचा तुकडा मिळवला. भंगारवाल्या चाचांकडून ट्रकच्या कमानीची तुटकी पानं आणायची आणि ती तापवून ठोकत बसायचं. हाताला फोड, पायजम्याला भोकं आणि मनाला विलक्षण समाधान.

बायकोला या समाधानाचं काडीचंही कौतुक नव्हतं. ती कुरखेड्याकडची, शेतकऱ्याच्या घरची. जे हत्यार कामाला येत नाही त्याला ती लोखंडही म्हणायला तयार नसे. पाहुणे भिंतीकडे पाहायला लागले की ती म्हणायची, "हे आमच्या घरचे देव हायेत. फक्त पुसाचे." मुलगा नागपूरला शिकायला होता, त्यामुळे घरात आम्ही दोघंच, आणि आमचा संसार अशा टोमण्यांवर मजेत चालला होता.

त्या उन्हाळ्यात तिला लकवा मारला. डावी बाजू गेली. चंद्रपूरच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून घरी आलो तेव्हा ती पाय ओढत का होईना, चालायला लागली होती. वाचाही सुटली. डावा हात मात्र परत आलाच नाही. तो तिच्या मांडीवर पडून असायचा आणि ती उजव्या हाताने त्याला उचलून बाजूला ठेवायची. मला ते बघवत नसे, म्हणून मी छपरीत जाऊन बसायचो, पण तिथे बसूनही हातोडा उचलला जात नसे.

स्वयंपाक मी करू लागलो. म्हणजे भात शिजवायचो आणि वरण नावाचं पिवळं पाणी करायचो. ती मुकाट्याने खायची. तिने नावं ठेवली असती तर मला बरं वाटलं असतं.

पावसाळ्यात एक दिवस मी डेपोत असताना तिने एकटीने पावशी घेतली. पावशी म्हणजे आमच्याकडची विळी: पाट पायाखाली दाबायचा आणि भाजी दोन्ही हातांनी धरून पात्यावर ढकलायची. तिने एकाच हाताने वांगं ढकललं. ते फिरलं आणि उजवा तळहात, तो एकुलता एक चालणारा हात, पात्यावर गेला. मी घरी आलो तेव्हा शेजारणीने हळद दाबून फडकं बांधलं होतं आणि ही भिंतीकडे तोंड करून बसली होती.

बातमी कुरखेड्याला पोचायला वेळ लागला नाही. तिचा धाकटा भाऊ पहिल्याच गाडीने आला. साधा, कमी बोलणारा माणूस, बहिणीवर जीव टाकणारा. तो तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि म्हणाला, "बाई, तू चाल माह्यासंग. घरी सून हाय, नोकर हाय. तुले खाटेवरून उठा लागणार नाई. इथी एकटी कायले मरतं?"

माहेरी जायचं म्हटलं की जी बाई आदल्या दिवसापासून पिशवी भरून ठेवायची, तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली. "मी माह्या घरी हाव," ती म्हणाली.

"घरी हायेस, पण करतं काय? भाऊजी हापिसात, तू इथी. उद्या जास्त लागलं तं?"

ती म्हणाली, "तुह्या धानाची कापणी होऊ दे. धान घरी आलं का ये. तवा मी तुले माह्या हातानं रांधून खाऊ घातलं तं मी इथीच राहीन. नाई जमलं तं जिथी नेशीन तिथी येतो." भावाने मान डोलावली. त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, की न्यायलाच यायचं आहे.

तो गेल्यावर मी भट्टी पेटवली. इतकी वर्षं लोखंड बडवलं ते याच दिवसासाठी, असं मला वाटत होतं. कमानीचं चांगलं पान निवडून मी एक सुरी घडवली, अशी की तिच्या पात्यात तोंड दिसावं. तापलेलं पातं तेलात बुडवून कडक केलं, सागाची मूठ बसवली, ती घासून घासून गुळगुळीत केली आणि फडक्यात गुंडाळून बायकोपुढे ठेवली.

तिने उलटून पालटून पाहिली. "लय सुंदर झाली," ती म्हणाली. "पण कांदा कोण धरन? तुमी येसान का हापिसातून?"

सुरीला दुसरा हात लागतो, ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. माझ्याकडे दोन हात होते ना.

मग मी एका फळीला खालून खिळे ठोकले, त्यांची टोकं वर. कांदा त्यावर दाबून बसवायचा आणि कापायचा. कांदा जमला, वांगं जमलं. पालेभाजी जमेना. अंबाडी चिरायला गेली की अर्धी खाली आणि अर्धी पदरात. त्यात सुरीची मूठ ओल्या हातात सटकायची. तिकडे धानाच्या लोंब्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या आणि भावाचा निरोप आला होता, की यंदा पीक लवकर आहे.

एका संध्याकाळी घरी आलो तर बैठकीत माझ्या सगळ्यात आवडत्या टोमॅहॉकचा दांडा पडलेला. नुसता दांडा. पितळी नक्षी, चामड्याची पट्टी, सगळं होतं, फक्त पातं नव्हतं. स्वयंपाकघरातून ठक ठक आवाज येत होता.

ती पाटावर बसली होती. समोर फळी, फळीवर अंबाडीचा ढीग. कुऱ्हाडीचं पातं तिने सरळ मुठीत धरलं होतं, धार खाली, आणि ते या टोकावरून त्या टोकावर डोलवत होती. टोमॅहॉकची धार गोलसर असते. ती डोलते, त्यामुळे पाला धरावा लागत नाही, जागच्या जागी चिरला जातो. पातं तिने सुटं केलं कसं, तर दांडा फरशीवर आपटून. फरशीला टवका पडला होता.

मला आधी राग आला, हे लपवून काय उपयोग. त्या कुऱ्हाडीवर मी अख्खा हिवाळा घालवला होता. "अवो, ते काय भाजी चिरायचं आहे?" मी ओरडलोच.

"मंग काय करावाचं हाय?" तिने वर न पाहता विचारलं.

खरंच, काय करायचं होतं? मी जवळ बसलो. तिच्या तळव्यावर दांड्याच्या भोकाच्या कडा रुतून लाल खुणा पडल्या होत्या. जुनी जखम नुकतीच भरली होती, तिच्याच बाजूला. अंबाडी मात्र बारीक, एकसारखी, पूर्वी पावशीवर चिरायची तशी. तिने ती खूण माझ्यापासून लपवली नाही आणि तक्रारही केली नाही. तिचा हात मी किती तरी वेळ धरून ठेवला. तिला भाजी फोडणीला टाकायची होती, म्हणून तिने तो सोडवून घेतला.

आता काय घडवायचं ते मला कळलं होतं. पातं चंद्रकोरीसारखं गोल, आणि मूठ टोकाला न ठेवता पात्याच्या वर, आडवी, म्हणजे हाताचा सगळा भार सरळ खाली यावा. पहिलं घाईत तेलाऐवजी पाण्यात बुडवलं तर टण्‌ आवाज करून तडकलं. दुसरं शाबूत निघालं, पण तिने हातात घेतलं आणि म्हणाली, "हे लय भारी हाय. मले भाजी चिराची हाय, बकरा नाई." ते मी घासून हलकं केलं. मूठ सटकते म्हणाली, तर तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. चकाकी आणायला बसलो तर म्हणाली, "राहू द्या. काळंच चांगलं. चकाकलं तं तुमी भिंतीवर टांगसान." माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात कुरूप हत्यार होतं. त्याच्याइतका अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटलेला नाही.

भाऊ आला तो नव्या तांदळाचं पोतं घेऊन. सोबत गावातली एक जीपही आणली होती, बहिणीला बसमध्ये त्रास नको म्हणून. जीप दारात उभी पाहून तिने पदर खोचला आणि आम्हा दोघांना म्हणाली, "बाहेर बसा. कोणी आत नाई यावाचं."

आम्ही ओसरीवर बसलो. पिकापाण्याचं बोलून झालं. आतून ठक ठक सुरू झाली, मध्येच थांबली, काहीतरी खणखणत पडलं. भाऊ ताडकन उठला. मी हात धरून त्याला खाली बसवलं. आत कोणी यायचं नाही, असं तिने सांगितलं होतं. थोड्या वेळाने पुन्हा ठक ठक ऐकू आली आणि मग फोडणीचा वास आला.

तिने वाढलं. नव्या तांदळाचा भात थोडा गिच्च झाला होता. वरण, अंबाडीची भाजी, वांग्यात सुक्की मासोळी, वरून बारीक चिरलेला सांबार, म्हणजे आमची कोथिंबीर. एकेक भांडं उजव्या हाताने आणून ठेवताना ती दमत होती. कोणी मदतीला उठलं की नुसती बघायची. भाऊ जेवला, पुन्हा भात मागून जेवला, पण मान खालीच.

"मीठ बराबर हाय ना रे?" तिने विचारलं.

"हाय."

"मंग तोंड काऊन पाडलं? मी जिंकलो म्हणून राग आला का?"

त्याने ताट सरकवलं. "राग नाई, बाई," तो म्हणाला. "माय गेल्यापासून घरात सगळे मले अहो-जाहो करतेत. मले अरे म्हणणारं कोणीच नाई राह्यलं. मले वाटलं, तू येशीन."

आम्हाला वाटत होतं तो तिला सांभाळायला नेतो आहे. तिचे डोळे भरले आणि लकव्यापासून पहिल्यांदा ती माझ्यासमोर रडली. उजव्या हाताने तिने त्याचं डोकं जवळ ओढलं, त्याच्या पांढऱ्या केसांना सांबार लागला.

"येडा रे येडा," ती म्हणाली. "हे आंधी नाई सांगाचं? चाल, जीप उभीच हाय. पण खाटेवर बसाले नाई येत मी. रांधीन मी, अन् तुले रागावीन बी मी."

पिशवी तिने स्वतः भरली. वरती ते काळं पातं फडक्यात गुंडाळून ठेवलं. जीपमध्ये बसल्यावर मला म्हणाली, "पुढच्या बाजारच्या दिवशी मले घ्याले या. नाई आले तं मी एकटी येतो."