जावयाने फोन हलका केला

मोबाईलमधलं मला सगळं कळतं, असा माझ्या सासुरवाडीचा ठाम समज होता. तो मीच करून दिला होता.

धोंड्याच्या महिन्यात आम्हा नवरा-बायकोला वैजापूरला जेवणाचं बोलावणं आलं. माझे सासरे अण्णा कांदा पिकवतात आणि बोलतात मोजकं. पडेगावला आमच्या घरी फोन करून ते एवढंच म्हणाले, की मोबाईल लई दमलाय, फोटो काढू देत नाय, काही औषध असलं तर आणा. मी पैठण गेटला जाऊन एक मेमरी कार्ड घेतलं आणि व्हिजिटला निघालेल्या डॉक्टरच्या थाटात गाडीत बसलो.

सासूबाई पुरण वाटत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारातच व्याख्यान सुरू केलं. रॅम म्हणजे तुमचा ओटा. आत्ता जे काम चाललंय तेवढंच त्यावर मांडायचं, काम झालं की ओटा मोकळा. फोनची आतली मेमरी म्हणजे कोठी, तिथं माल साठून राहतो. आणि हे कार्ड म्हणजे कोठी पुरेना म्हणून बाहेर बांधलेली शेड. अण्णांची कोठी सुप्रभाताच्या फुलांनी गच्च भरली होती.

"म्हंजी धान्याच्या कोठीत कडबाच भरलाय की," सासूबाई म्हणाल्या. (एवढं चांगलं उदाहरण मला सुचलं नव्हतं. पण मी मान अशी डोलवली, जणू त्यांना मीच घडवलंय.)

फुलं पुसली. उरले पाखऱ्याचे व्हिडिओ. पाखऱ्या हा अण्णांचा बैल, गेल्या थंडीत गेला. पाखऱ्या खातोय, पाखऱ्या मान हलवतोय, पाखऱ्या नुसताच उभा आहे. निम्म्या व्हिडिओंत तर अण्णांचा अंगठाच जास्त. त्यातला एकही पुसायचा नाही, असं अण्णांनी बजावलं. "पुसायचं कशाला, शेडमध्ये हलवू," मी म्हणालो आणि कार्ड घातलं. फोननं विचारलं, हे कार्ड वेगळं ठेवू की माझाच भाग करू? आपल्या घराण्यात वेगळं राहणं कुणाला आवडतं? मी 'भाग करा'वर बोट ठेवलं. सगळा पाखऱ्या कार्डात गेला, फोन तुरुतुरु चालू लागला. अण्णा चक्क हसले.

इथंच थांबलो असतो तर माझा पुतळा झाला असता. पण मला आणखी कौतुक हवं होतं. व्हिडिओ माझ्या मोठ्या फोनवर दाखवतो म्हणून मी ते कार्ड काढलं आणि माझ्या फोनमध्ये घातलं. आता, जे कार्ड एका फोनचा भाग झालं, ते दुसऱ्या फोनला वाचता येत नाही. हे मला माहीत नव्हतं. माझा फोन म्हणाला, कार्ड ओळखता येत नाही, वापरण्याजोगं करून देऊ का? मी म्हटलं, कर की बाबा. त्यानं केलं. कार्ड धुऊन लख्ख झालं.

अण्णांनी मला ओरडायला हवं होतं.  त्यांनी आपल्या फोनचा रिकामा पडदा पाहिला, फोन खिशात घातला आणि उठून गोठ्याकडे गेले. पानं वाढली तरी आले नाहीत. चांदीच्या ताटात माझ्यासाठी धोंडे मांडले होते आणि मी ते नुसते मोजत बसलो. बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यापुढं गोठ्यात जाऊन बसणं बरं वाटलं.

शेवटी सासूबाईंनाच आठवलं. अण्णा पाखऱ्याचा प्रत्येक व्हिडिओ सोयगावच्या आपल्या धाकट्या बहिणीला, आक्काला, पाठवायचे. मी आक्काला फोन लावून सगळं सांगितलं.

"पुसलं नाय मी काय," आक्का म्हणाल्या. "दादाचा लाडका बैल. पुसू कसं? पाठविते. पण तुमच्या फोनवर नाय हां, थेट त्याच्या."

गोठ्यातून अण्णांच्या फोनची टिंग टिंग ऐकू यायला लागली आणि थोड्या वेळानं अण्णा आत आले. पानावर बसले. डोळे पुसले आणि सासूबाईंना माझ्या धोंड्यांवर तूप वाढायला सांगितलं. मी सुटलो, असं मला वाटलं.

दिवाळीला पुन्हा गेलो. मान तसाच, पाट तसाच, रांगोळी तशीच. जेवण झाल्यावर अण्णा खिशातून फोन काढून माझ्यापाशी आले. माझ्यावरचा विश्वास परत आला म्हणून मी हात पुढं केला. त्यांनी फोन आपल्याच मुठीत घट्ट धरून माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"बापू, चष्मा गावंना. किती वाजले तेवढं वाचा," ते म्हणाले. "हात मागं घ्या. लांबूनच."