छातीत दुखलं होतं का?

माझं काम ऐकलं की समोरचा माणूस खुर्ची जरा मागे सरकवतो. मी मेलेल्या माणसांची चौकशी करते. पोलिसांत नाही, संशोधनात. कुणी घरीच वारलं, दवाखान्याचा कागद नाही, तर ते कशाने गेलं हे कुठेच नोंदलं जात नाही. मग काही आठवड्यांनी मी त्या घरी जाते, चप्पल काढते, पाणी पिते आणि विचारायला बसते. ताप होता का, किती दिवस, दम लागायचा का, पाय सुजले होते का. शेवटी अर्ध्या पानात सगळी हकीकत लिहिते. ते पान ऑफिसात दोन डॉक्टरांकडे जातं. दोघं एकमेकांना न विचारता वाचतात आणि ठरलेल्या यादीतून मरणाचं कारण निवडतात. दोघांचं जुळलं तर ठीक, नाहीतर तिसरा डॉक्टर निकाल देतो. अशी पुष्कळ मरणं आपापल्या गटात जाऊन बसली की कळतं, या भागातली माणसं कशाने जातात आणि कोणत्या वयात.

हे काम मला फार आवडायचं. मी बोलघेवडी, लोक माझ्याहून बोलघेवडे. दिल्लीशेजारच्या आमच्या गाझियाबादेत कुणालाही विचारा, उत्तर एकच, "दिल बैठ गया." मी म्हणायची, बाबूजी, शेवटी सगळ्यांचंच बसतं, त्याच्या आधीचं सांगा. एका घरी मी सासूचा खोकला कसा होता असं विचारलं, तर सुनेने इतका हुबेहूब खोकून दाखवला की आतून सासरे धावत आले. मग सून रडायला लागली.

हे सगळं मी त्या अर्ध्या पानात कोंबायची. आमचे मोठे डॉक्टर वैतागत. "मॅडम, आपकी कहानी में मरीज पाँचवीं लाइन में आता है. पहले मौसम आता है." पण नव्या मुलींना शिकवायला मलाच बोलावत. मी त्यांना एक गोष्ट बजावून सांगायची. फॉर्मवर 'छातीत दुखलं होतं का' या प्रश्नाला 'नाही' म्हटलं की त्याखालचे सगळे प्रश्न गळतात. किती वेळ दुखलं, घाम आला का, हातात कळ गेली का, यातलं काहीच मग विचारायचं नसतं. एक खोटं 'नाही' गेलं की तो माणूस कागदावर दुसऱ्याच रोगाने मरतो. किंवा कशानेच मरत नाही, 'कारण अनिश्चित' या गटात जातो. त्या गटाला आम्ही ऑफिसात कबाड म्हणतो.

मागच्या मार्चमध्ये माझा नवरा गेला.

शनिवार होता. सकाळी ते मेट्रोने करोल बागला गेले होते, जुन्या स्कूटरचा आरसा आणायला. गाझियाबादेत तोच आरसा मिळतो हे मी तीनदा सांगितलं होतं. बाराच्या सुमारास आले तेव्हा शर्ट घामाने भिजलेला. म्हणाले, "अगं, छातीत जळजळतंय. छोले-भटुरे खाल्ले तिकडे."

"डायबिटीसवाल्या माणसाने खायचेच कशाला?"

"तू नव्हतीस म्हणून."

मी ओवा आणि काळं मीठ दिलं. मग पाण्यात फसफसणारी ती पुडी दिली. ते दिवाणावर आडवे झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "जबडापण दुखतोय, यार." मी म्हटलं, भटुरे चावून चावून दुखत असेल. हे वाक्य मी बोलले. वर्षानुवर्षं परक्यांच्या घरी जाऊन घाम, जबडा, डावा हात विचारणारी मी. मुलगी नोएडाला तिच्या ऑफिसात होती. घरात आम्ही दोघंच. त्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी आदल्या दिवशीच्या व्हिजिटचा किस्सा सांगायला घेतला. मी किस्सा बसून सांगत नाही, उभी राहून सांगते, हातवारे करून, आवाज बदलून. ते एकदा हसले. मग डोळे मिटून ऐकत राहिले. माझा किस्सा संपला. "कळलं का," असं मी विचारलं तेव्हा ते गेलेले होते.

मुलगी आली तेव्हा तिला सांगितलं, झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही. तिने ते सगळ्यांना सांगितलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वर्ध्याहून दीर-जाऊ आले, भन्तेजींनी वंदना घेतली, आणि माझी मुलगी उभी राहून म्हणाली, "पप्पांना काहीच सफरिंग झालं नाही, हीच एक चांगली गोष्ट." मी मान खाली घालून बसले होते. लोकांना ते दुःख वाटलं.

आता गंमत पाहा. आमची सोसायटी आमच्याच सर्वेक्षणाच्या हद्दीत येते. आपल्या घरचं मरण आपण विचारायचं नाही असा नियम आहे, म्हणून दीड महिन्याने माझीच शिष्या फॉर्म घेऊन आली. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली, तिशीची, मला ताई म्हणणारी. मुलगी तेव्हा कामावर होती. शिष्येने चप्पल काढली, पाणी प्यायली. सगळं मी शिकवलं तसंच.

"ताई, फॉर्मॅलिटी आहे हं. तुम्हाला तर सगळं पाठच आहे."

"विचार तू. बिल्कुल नीट विचार. मी परकी आहे असं समज."

मी तिला दोन तास रंगवून सांगितलं. त्यांची शुगर, त्यांची स्कूटर, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात त्यांनी साहेबाच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी कशी पळवली. ती हसता हसता डोळे पुसत होती. मग तिने पान उलटलं.

"छातीत दुखलं होतं का?"

"नाही."

मला वाटलं होतं, तोंडातून दुसरंच काही निघेल. पण 'नाही' इतकं सहज आलं की जणू मी तेच पाठ करून बसले होते. तिने खूण केली. खालचे प्रश्न गळाले.

महिन्याभराने ती ऑफिसात माझ्या टेबलाशी आली. कागद अपुरा वाटला तर डॉक्टर तो पुन्हा विचारायला पाठवतात. "ताई, तुमचा फॉर्म परत आलाय. दोन्ही डॉक्टरांनी अनिश्चित टाकलंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मोठ्या डॉक्टरांनी शेरा मारलाय. फॉर्मवर नाव नसतं ना, त्यांना माहीत नाही कुणाचा आहे."

शेरा असा होता की या बाईने मृताचं सगळं आयुष्य सांगितलं आहे, फक्त शेवटचा तास सोडून. त्या तासाचं पुन्हा विचारा.

"मी लिहू का, की माहिती मिळू शकत नाही?" ती म्हणाली. "होतं तसं, कधी कधी. कुणी काही म्हणणार नाही."

खरंच कुणी काही म्हणालं नसतं. माझा नवरा कबाडात पडून राहिला असता आणि माझी मुलगी पुढेही ते झोपेत गेले म्हणून सांगत राहिली असती. मी शिष्येला म्हटलं, "रविवारी ये. सकाळी. पोरगी घरी असते तेव्हा."

"ताई, एकट्यात सांगा ना."

"एकट्यात मी पुन्हा नाही म्हणेन."

रविवारी मुलगी चहा घेऊन बाहेर आली आणि फॉर्म पाहून माझ्याशेजारी बसली. शिष्येने विचारलं. मी म्हटलं, हो. दुखलं होतं. मग खालचे सगळे प्रश्न एकेक करून आले. किती वेळ? पाऊण-एक तास. घाम? शर्ट भिजला होता. कळ कुठे गेली? जबड्यात. दवाखान्यात नेलं का? नाही. का नेलं नाही?

"मला अॅसिडिटी वाटली. मी ओवा दिला."

इथे हातवारे नव्हते, आवाज बदलला नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी हकीकत ती. शिष्येने चार ओळींत लिहिली आणि चहा तसाच ठेवून निघाली.

मुलीने तो गार झालेला कप उचलला. मग म्हणाली, "हॉस्पिटल समोर आहे, आई. रोड क्रॉस केला की."

"हो."

"तू लोकांना हेच तर विचारतेस."

"हो."

ती उठून आत गेली. आठवडाभर आमच्यात फक्त कामापुरतं बोलणं होतं, दूध आलं का, लाइट गेली का. फॉर्म मंजूर झाला. दोन्ही डॉक्टरांनी वेगवेगळं वाचून एकच कारण लिहिलं, हृदयविकार. ते मी जेवताना तिला सांगितलं. तिने मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. ताट उचलताना मात्र ती थांबली.

"तू कोणता किस्सा सांगत होतीस त्यांना?"

मी सांगायला लागले. इथल्या लोणीजवळच्या एका गल्लीत गेले होते, आमच्या यादीत म्हातारा मेलेला होता, आणि चहा घेऊन तोच बाहेर आला. यादी चुकलीय म्हटलं तर तो ऐकेना. आता आलाच आहात तर विचारा म्हणाला आणि स्वतःच्या मरणाची उत्तरं द्यायला बसला. मी विचारलं, बुखार था? तो म्हणाला, "था तो सही, पर मरने लायक नहीं था."

मुलगी हसली. अगदी बापासारखी, नाकातून.

"इथे हसले होते पप्पा?"

"इथेच."

"मग पुढे?"

पुढे पुष्कळ होतं. म्हाताऱ्याची बायको येते, शेजारी जमतात, सगळा तमाशा होतो. पण त्यातलं किती त्यांच्या कानांवर पडलं ते मला माहीत नाही. तिला मी ते हसले तिथपर्यंतच सांगितलं.